नाही म्हणालं कोण?

शनिवारी पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी आमचं पगाराचं ॲप्लिकेशन बंद पडलं आणि तीनच्या सुमारास जसं गेलं तसंच परत आलं. सोमवारी मी अहवाल भरला. कारण : ‘राउटरची अडचण’. उपाय : ‘आपोआप सुटली’. सुलभाताईंनी तो वाचला आणि चहाला येतोस का, असं विचारलं. ताईंच्या या चहाला आमच्या ऑफिसात ‘तोंडी परीक्षा’ म्हणतात.

ताई डेटाबेस सांभाळतात, मी ॲप्लिकेशन. त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आलीय. आमचं भांडण जुनं आहे. गोष्ट चालू झाली की मला झोप लागते. ती का चालू झाली हे कळल्याशिवाय त्यांना लागत नाही.

“राउटरची अडचण म्हणजे काय रे?”

“राउटरमधून जोडणी होत नव्हती.”

“मग?”

“मग झाली.”

“तू काय केलंस?”

“काहीच नाही. पासवर्ड बरोबर आहे ना ते बघायला पावणेतीनला कमांड लाइनवरून एकदा लॉगिन केलं. झालं ते. पाच मिनिटांनी बघतो तर ॲपही चालू.”

“म्हणजे काहीतरी केलंस की.” ताईंनी कप बशीवर ठेवला. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

मांडणी अशी आहे. मायएसक्यूएलचे तीन सर्व्हर एका क्लस्टरमध्ये. एक मुख्य, लिहिणं त्याच्यावर. बाकीचे दोन त्याची नक्कल ठेवतात. प्रत्येक जण आपापल्या यंत्रावर ३३०६ या पोर्टवर बसलेला. त्यांच्या पुढ्यात मायएसक्यूएल राउटर. ॲपला फक्त राउटरचा पत्ता ठाऊक : लिहायचं असेल तर ६४४६, नुसतं वाचायचं असेल तर ६४४७. मुख्य आज कोण आहे याची चौकशी राउटर करतो. चाकणच्या एका कारखान्याची पगाराची फाइल याच वाटेने जाते, म्हणून शनिवारची पहाट मला एवढी लागली होती.

“पण ताई, हा मधला हवाच कशाला?” मी माझी नेहमीची तक्रार काढली. “ॲपने सरळ सर्व्हरशी बोलावं. जितके मध्यस्थ तितक्या भानगडी. घर घेताना दलाल नको म्हणतो आपण, आणि इथे स्वतःच नेमून ठेवलाय.”

“पूर्वी नव्हताच मधला. मुख्य सर्व्हर बसला की मला फोन यायचा. मी दुसऱ्याला मुख्य करायचे आणि मग तुझ्यासारख्या अकरा जणांना उठवून अकरा ठिकाणी पत्ता बदलून घ्यायचे. एक जण हमखास विसरायचा. जुना सर्व्हर परत उभा राहिला की तो बिनघोर त्याच्यावरच लिहीत बसायचा. दोन वह्या, दोन हिशेब. त्या जुळवायला आठवडा जायचा. शनिवारी काय झालं? मुख्य सर्व्हरचं यंत्र रीस्टार्ट झालं, उरलेल्या दोघांनी नवा मुख्य ठरवला, राउटरने वाट वळवली. तुझा फोन वाजायच्या आत. वड्याचं तेल वांग्यावर काढू नकोस.”

“मग जोडणी का होत नव्हती?”

“तेच तर विचारतेय. नाही म्हणालं कोण?”

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. एरर म्हणजे माझ्यासाठी भिंत. आली की दुसरी वाट शोधायची. ताई ती वाक्यासारखी वाचतात. त्यांचं म्हणणं, या संदेशांचं मूळ दुखणं व्याकरणाचं आहे. “सगळा कर्मणी प्रयोग. ‘प्रवेश नाकारण्यात आला आहे.’ सरकारी नोटीस जशी. कर्ता गायब. आधी कर्ता शोध, मग क्रियापदाचं बघू.”

त्यांनी कॅन्टीनच्या बिलामागे तीन चौकोन काढले : ॲप, राउटर, सर्व्हर. “पहिलं बघायचं ते घड्याळ. नकार ताबडतोब आला की वाट बघून बघून आला? ताबडतोब आला आणि कंसात १११ दिसलं, तर यंत्र जागेवर आहे, त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. बराच वेळ गेला आणि ११० आलं, तर बहुतेक मध्ये फायरवॉल आहे आणि तो तुझी पाकिटं मुकाट्याने गिळतोय. या दोन्हींत पासवर्डाचा काही संबंध नाही. तरी तुम्ही लोक आधी पासवर्ड बदलता.”

मी गप्प राहिलो. बदलतो खरा.

“आता २००३ क्रमांकाचं बघ. याच नंबराखाली दोन वेगळी माणसं बोलतात. एकदा तुझा स्वतःचा क्लायंट सांगतो, मला सर्व्हर सापडला नाही. पण वाक्य असं असेल की ६४४६ वर आलेल्या क्लायंटसाठी दूरच्या सर्व्हरशी जोडता आलं नाही, तर बोलणारा राउटर आहे. म्हणजे तू राउटरपर्यंत सुखरूप पोचलास, अडलाय तो पुढे. बऱ्याचदा नावाची भानगड असते. राउटर उभा करताना तू त्याला एका सर्व्हरचा आयपी देतोस. तो तिथे जाऊन क्लस्टरमधल्या सगळ्यांची यादी मागतो. यादीत नावं असतात, सर्व्हर एकमेकांना ज्या नावाने हाक मारतात ती. ती नावं राउटरच्या यंत्राला माहीतच नसली की झालं. उभारणी सुरळीत, जोडणी मात्र शून्य.”

“मी राउटर तपासला होता हो, चाचणीच्या यंत्रावर. ६४४६ वर लगेच लागला.”

“होस्ट काय दिला होतास?”

“लोकलहोस्ट.”

ताई हसल्या. मी उगाच बोललो, हे तेव्हाच कळलं. लिनक्सवर मायएसक्यूएलच्या क्लायंटला लोकलहोस्ट सांगितलं की तो नेटवर्कवर जातच नाही. सॉकेट फाइलमधून शेजारच्या सर्व्हरकडे सरळ जातो आणि तुम्ही प्रेमाने लिहिलेल्या पोर्टकडे बघतही नाही. चाचणीच्या यंत्रावर राउटर आणि सर्व्हर शेजारीशेजारीच होते. राउटर बंद असता तरी मला ‘लागला’ असतं. १२७.०.०.१ लिहायला हवं होतं.

“बरं, हे सगळं वाटेचं झालं. दारावर पोचल्यानंतरचं काय?” मी विषय पुढे ढकलला. “१०४५. ॲक्सेस डिनाइड. हा संदेश लिहिणाऱ्याला काही वाटतं का? नाव चुकलं की पासवर्ड चुकला, एवढंही सांगत नाही.”

“मुद्दाम सांगत नाही. नाव बरोबर, फक्त किल्ली चुकली, असं चोराला सांगायचं का?”

“पण मी चोर नाही.”

“ते त्याला कसं कळणार? तरी तो जे सांगतो तेवढं तरी वाच. शेवटी लिहिलेलं असतं, पासवर्ड वापरला : हो किंवा नाही. ‘नाही’ असेल तर तुझ्या ॲपने पासवर्ड पाठवलाच नाही. कुठल्यातरी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं नाव चुकलंय. ‘हो’ असेल तर काहीतरी पाठवलं, एवढंच. पासवर्डात डॉलरचं चिन्ह असलं तर शेल त्यातला निम्मा खाऊन टाकतो आणि उरलेला निम्मा पाठवतो, तरी उत्तर ‘हो’च. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे नावापुढचं ॲट चिन्ह आणि त्याच्यापुढचा पत्ता. तू कुठून आलास असं सर्व्हरला वाटतंय, ते तिथे आहे.”

शनिवारी माझ्या स्क्रीनवर १०४५ नव्हता, पण गेल्या वर्षी होता आणि तेव्हा तो पत्ता बघून मी चक्रावलो होतो. ॲपचं यंत्र एक, पत्ता भलताच. मायएसक्यूएलमध्ये खातं नुसत्या नावाचं नसतं, नाव आणि ठिकाण मिळून ते बनतं. मी खातं ॲपच्या यंत्राच्या पत्त्यावर काढलं होतं. सर्व्हरला मात्र दिसतो राउटर. सोसायटीच्या वॉचमनने प्रत्येक पाहुण्याची चिठ्ठी आपल्या हाताने वर आणून द्यावी आणि घरमालकाने सगळ्या पाहुण्यांना एकाच चेहऱ्याचं समजावं, तसं. तेव्हा मी काय केलं होतं? पत्त्याच्या जागी टक्केचिन्ह टाकलं. कुठूनही या. पाच मिनिटांत काम झालं.

“ते टक्केचिन्ह मी दुसऱ्या दिवशी काढलं,” ताई म्हणाल्या. “तुला कळलंसुद्धा नाही. राउटरच्या पत्त्याचं खातं केलं.”

“पण तेवढ्या वेळात माझं काम झालं होतं. हे तुम्ही मोजतच नाही, ताई. समोर दोन हजार माणसांचा पगार अडलेला असतो. तुमची चौकशी पूर्ण होईपर्यंत त्यांनी काय करायचं?”

“मोजते ना. म्हणून त्या रात्री ओरडले नाही. टक्केचिन्ह रात्री टाकायला माझी हरकत नाही. सकाळी ते तिथेच असलं तर आहे.”

अशी सवलत ताई क्वचित देतात. मी ती खिशात घातली.

जाता जाता त्यांनी एक किस्सा सांगितला, तो इथे घेतोच. त्यांच्या आधीच्या नोकरीत साध्या टीसीपी प्रॉक्सीच्या मागे सर्व्हर होता. प्रॉक्सी दर काही सेकंदांनी सर्व्हरच्या दारावर टकटक करून पळायचा, तो जिवंत आहे ना हे बघायला. सर्व्हरच्या लेखी ही अर्धवट सोडलेली हस्तांदोलनं. एकाच पत्त्यावरून अशी ओळीने शंभर झाली, मध्ये एकही जोडणी पूर्ण झाली नाही, की मायएसक्यूएल तो पत्ताच बंद करतो. क्रमांक ११२९, होस्ट ब्लॉक्ड. एका सुट्टीच्या दिवशी खरं गिऱ्हाईक कुणी फिरकलं नाही, नुसती टकटक चालू राहिली आणि आकडा भरला. बंद झालेला पत्ता प्रॉक्सीचा. सगळे एकाच चेहऱ्याने येणारे, म्हणून सगळेच बाहेर. चोर सोडून संन्याशाला फाशी. इथे तर चोरही नव्हता. गंमत म्हणजे चुकीचा पासवर्ड या शंभरात धरत नाहीत. तिथल्या लोकांनी मात्र दिवसभर पासवर्ड बदलले.

“आता शनिवार,” ताई म्हणाल्या. “तुझ्या स्क्रीनवर नेमके शब्द काय होते?”

मी फोनमधला फोटो दाखवला. जावाचा ड्रायव्हर म्हणत होता, पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाऊड.

“यात कर्ता कोण?”

“सर्व्हर?”

“नीट वाच. की मागायला परवानगी नाही. कुणाला? तुझ्याच ड्रायव्हरला. सर्व्हरने नाही म्हटलेलंच नाही. राउटरने तर मुळीच नाही. नाही म्हणाला तुझा स्वतःचा माणूस, तुझ्याच घरातला.”

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते मी अहवालात सहा ओळींत लिहिलं आहे, पण ते सहा ओळींचं नाही.

मायएसक्यूएलच्या ८.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, नव्या खात्यांसाठी पासवर्ड तपासण्याची पद्धत बदलली. तिचं नाव कॅशिंग शा-टू पासवर्ड. जुन्या पद्धतीत सर्व्हर एक यादृच्छिक कोडं पाठवायचा, क्लायंट पासवर्ड वापरून त्याचं उत्तर द्यायचा, पासवर्ड स्वतः वाटेवर कधी यायचाच नाही. पण सर्व्हरकडे साठवलेला ठसा कमकुवत होता. नव्या पद्धतीत ठसा मिठासकट आणि पाच हजार फेऱ्या घोटून ठेवतात. तो चोरून उपयोग नाही, हे चांगलं. पण अशा ठशावरून कोड्याचं उत्तर पडताळता येत नाही. मग पहिल्या वेळी सर्व्हर म्हणतो, पासवर्ड अख्खाच दे. आणि अख्खा पासवर्ड उघड्या वाटेवरून द्यायचा नाही, म्हणून एक तर जोडणी टीएलएसने झाकलेली हवी, नाही तर सर्व्हरची सार्वजनिक किल्ली घेऊन पासवर्ड तिच्यात बंद करून पाठवायला हवा. एकदा हे झालं की सर्व्हर त्या खात्याची एक हलकी खूण आपल्या स्मरणात ठेवतो. पुढच्या वेळी परत कोडं-उत्तर, चटकन, टीएलएस असो वा नसो. नावातलं ‘कॅशिंग’ ते हे.

“आणि ते स्मरण रीस्टार्ट झालं की पुसतं,” ताई म्हणाल्या. “फ्लश प्रिव्हिलेजेस केलं तरी पुसतं. आता बघ. तुझ्या जावाच्या पत्त्यात एसएसएल, म्हणजे हेच टीएलएस, बंद लिहिलंय. कुणीतरी कधीतरी कुठूनतरी उचलून चिकटवलेलं. किल्ली मागायची परवानगीही नाही. राउटर तुझ्याकडून येईल तसं पुढे देतो. तू उघडा आलास, तो पुढेही उघडाच गेला. शनिवारी नवा मुख्य आला. खातं त्याच्याकडे आहे, पासवर्डाचा ठसा आहे, नकलेतून सगळं आलंय. फक्त स्मरण आलेलं नाही. ते प्रत्येक सर्व्हरचं आपापलं. त्याने तुला अख्खा पासवर्ड मागितला. तुझ्या ड्रायव्हरला तो द्यायची एकही वाट मोकळी नव्हती.”

“मग मी लॉगिन केल्यावर…”

“कमांड लाइनचा क्लायंट जमेल तिथे टीएलएस वापरतोच, त्याला सांगावं लागत नाही. तू राउटरमधून गेलास, म्हणजे सर्व्हरला तोच पत्ता, तेच खातं. तू अख्खा पासवर्ड झाकून दिलास, त्याने लक्षात ठेवला. मागून ॲप आलं, उघडंच, आणि त्याला ओळख मिळाली. तू पासवर्ड तपासायला गेलास आणि तपासता तपासता दुरुस्ती करून आलास.”

मी चहा संपवला. गार झाला होता. मग एकदम सुचलं.

“थांबा. एसएसएल बंद आठ महिन्यांपासून आहे. मध्ये तुम्ही सर्व्हर तीनदा तरी रीस्टार्ट केलेत, पॅच लावायला. तेव्हा का नाही बंद पडलं?”

ताई थोडा वेळ बिलावरच्या चौकोनांकडे बघत राहिल्या.

“कारण प्रत्येक रीस्टार्टनंतर मी त्याच खात्याने राउटरमधून एकदा आत जाऊन बघते,” त्या सावकाश म्हणाल्या. “ॲपला जे दिसेल ते दिसतंय ना, म्हणून. माझी सवय आहे ती, वीस वर्षांची.”

“टीएलएसने?”

“टीएलएसने.”

मला हसू आवरेना. सगळं समजून घेतल्याशिवाय न झोपणाऱ्या बाईने आठ महिने माझी चूक झाकली होती, आणि तिला स्वतःला पत्ता नव्हता. त्याही हसल्या, पण जरा उशिरा.

उपायावर आम्ही परत भांडलो. माझा पहिला प्रस्ताव : किल्ली मागायची परवानगी देऊन टाकू, पत्त्यात एक शब्द. ताईंचं म्हणणं, ती परवानगी मुळात बंद ठेवली आहे त्याला कारण आहे. मध्ये कुणी भामटा प्रॉक्सी बसला आणि सर्व्हरच्या नावाने स्वतःची किल्ली पुढे केली, तर ड्रायव्हर पासवर्ड तिच्यात बंद करून त्याच्याच हातात देईल. “मधल्यावर तुझा विश्वास नाही म्हणतोस, आणि मधल्याला पासवर्ड द्यायला निघालास.” दुसरा प्रस्ताव : हे खातं जुन्या पद्धतीवर नेऊ. ती पद्धत ८.४ मध्ये मुळातच बंद करून येते आणि ९.० मध्ये काढूनच टाकली आहे; म्हणजे पुढच्या अपग्रेडला हीच पहाट परत. तिसरा : सर्व्हरची सार्वजनिक किल्ली फाइल म्हणून ॲपजवळ आधीच ठेवू, मागायलाच नको. हा त्यांना आवडला, क्षणभर. मग म्हणाल्या, “तीन सर्व्हर. पहिल्यांदा सुरू होताना प्रत्येकाने आपली आपण किल्ली घडवलीय. मुख्य बदलला की तुझी फाइल खोटी.”

“मग तिघांना एकच जोडी देऊ.”

“देता येईल,” त्यांनी मान्य केलं. “पण मग टीएलएसच का नको? सरळ चालू कर आणि सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासायला लाव.”

“आणि प्रमाणपत्राची मुदत संपेल त्या दिवशी पहाटे दोनला मला कोण उठवणार? तुम्ही तर दोन वर्षांनी नाशिकला जाणार.”

यावर त्यांच्याकडे चटकन उत्तर नव्हतं. प्रमाणपत्रं सांभाळणं हे खरोखरच एक बिनपगारी काम आहे, आणि ते नेमकं ज्याच्या अंगावर असतं तो नोकरी सोडून गेलेला असतो. टीएलएस चालू करायचं ठरलं. मुदतीची आठवण दोन महिने आधी, दोघांच्या नाही, चौघांच्या कॅलेंडरवर टाकायची, हे माझं म्हणणं राहिलं. प्रॉक्सीएसक्यूएल घेऊ का, हेही मी विचारून घेतलं. तो खात्यांची यादी स्वतःकडेच ठेवतो, दार त्याचंच, आणि नकार देताना स्वतःचं नाव सांगून देतो, त्यामुळे कर्ता शोधावा लागत नाही. ताई म्हणाल्या, “आणि पासवर्ड बदलला की दोन ठिकाणी बदल. तिथे यादीत लिहूनही रनटाइममध्ये चढवायला विसरलास की परत माझ्याकडे ये.” तो विषय तिथेच राहिला.

दुपारी आम्ही चाचणीच्या क्लस्टरवर बसलो. बदल करायच्या आधी शनिवार परत घडवून बघायचा, हा ताईंचा हट्ट. ॲप तिथे निवांत चालू होतं, पत्त्यात तेच जुनं एसएसएल बंद. मी मुख्य सर्व्हर थांबवला. काही सेकंद २००३, राउटरच्या आवाजात. मग तोही थांबला. नवा मुख्य उभा राहिला होता. आणि मग एकापाठोपाठ एक, तीच ओळ, पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाऊड.

“आली,” ताई म्हणाल्या.

मी सवयीने दुसरी खिडकी उघडली, क्लायंटची आज्ञा टाइप केली, खात्याचं नाव घातलं आणि एंटरवर बोट नेलं.

“हात मागे घे,” ताई म्हणाल्या. “पासवर्ड बरोबर आहे.”